भूतकथेतील बदल हे इतिहासाचे साधन : युद्धोत्तर जपानी भयपटांच्या संदर्भात

प्रास्ताविक

लोककथेवर बेतलेला भयपट हे इतिहासाचे साधन मानावे काय, हा प्रश्न आपल्याकडील इतिहास विभागांत क्वचितच विचारला जातो आणि विचारला गेलाच तर बहुधा हसण्यावारी नेला जातो. ताम्रपट, बखर, फर्मान, महसुली दप्तर यांच्या पंक्तीला भुताची गोष्ट बसवणे अनेकांना रुचत नाही. ही नापसंती सर्वस्वी अनाठायी आहे असे नाही. भुताची गोष्ट कोणतीही घटना सिद्ध करत नाही. मात्र तीच गोष्ट शंभर-दोनशे वर्षांच्या अंतराने पुन्हा सांगितली जाते आणि सांगणारा तिच्यातील एखादा दुवा बदलतो, तेव्हा त्या बदलाला तारीख असते, बदल करणारी व्यक्ती ज्ञात असते आणि ती कोणत्या परिस्थितीतून गेली हेही पडताळता येते. प्रस्तुत निबंधाचा विषय भुते हा नसून हे बदल हा आहे.

त्यासाठी जपानचे उदाहरण घेतले आहे. तेथील भूतकथांची परंपरा मौखिक असली तरी ती फार पूर्वीपासून लिखित स्वरूपातही आली, त्यामुळे मूळ कथा आणि तिचे चित्रपटरूप शेजारी ठेवून पाहता येते. १९४९ ते १९९८ या काळातील काही निवडक चित्रपटांचा येथे विचार केला असून व्यक्तिनामे जपानी प्रथेप्रमाणे, म्हणजे कुलनाम आधी, अशी दिली आहेत.

मृतांचे गाऱ्हाणे आणि राज्यसंस्था

जपानी भयपटांतील सूड घेणाऱ्या प्रेतात्म्यास 'ओन्रियो' अशी संज्ञा आहे. मराठीतील भूत, पिशाच्च, हडळ यांपैकी एकही शब्द तिला नेमका लागू पडत नाही. आपल्याकडील अलवंतीण ही बाळंतपणात मरण पावलेली स्त्री होय. तिच्या भटकण्यामागे अकाली मृत्यू आणि अपुरी राहिलेली वासना असते. ओन्रियोच्या मुळाशी वासनेपेक्षा गाऱ्हाणे असते. कोणीतरी अन्याय केला आणि त्याची दाद लागली नाही, ही त्या कल्पनेची पहिली अट आहे.

ही कल्पना खेड्यापाड्यांतील अडाणी समजुतीपुरती मर्यादित नव्हती, हे येथे मुद्दाम नोंदवावे लागते. राजपुत्र सावारा याला इ. स. ७८५ मध्ये एका खुनाच्या आरोपावरून हद्दपार करण्यात आले आणि वाटेतच त्याचा अन्नावाचून मृत्यू झाला. त्यानंतर राजघराण्यावर संकटे येऊ लागली, तेव्हा इ. स. ८०० मध्ये त्याला मरणोत्तर सम्राटपद देण्यात आले. इ. स. ८६३ मध्ये साथीच्या रोगाच्या काळात राजदरबाराने क्योटो येथील शिन्सेन्-एन उद्यानात अशा सहा आत्म्यांच्या शांतीसाठी जाहीर समारंभ केला. सावाराचा समावेश त्यात होता. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सुगावारा मिचिझाने या विद्वान मंत्र्याचे आहे. दरबारी कारस्थानामुळे ९०१ मध्ये त्याची रवानगी दाझाइफु येथे झाली आणि ९०३ मध्ये तो तेथेच मरण पावला. पुढे युवराजाचा मृत्यू झाल्यावर ९२३ मध्ये त्याचे पूर्वीचे पद त्याला परत दिले गेले. ९३० मध्ये राजवाड्यावर वीज कोसळून दरबारी ठार झाले. ९४७ मध्ये कितानो येथे त्याचे देवस्थान उभे राहिले आणि आज परीक्षार्थी विद्यार्थी विद्येची देवता म्हणून त्याच्याकडे नवस बोलतात.

म्हणजे मृताचा कोप शमवण्याची एक रीतसर पद्धत होती. अन्याय मान्य करावयाचा, पद परत द्यावयाचे, देवस्थान उभारावयाचे. राज्यसंस्था आपली चूक जिवंत माणसापुढे कबूल करत नसे, पण मेलेल्या माणसापुढे करत असे. ही सोय अर्थातच राजपुत्रांना आणि मंत्र्यांना होती. सैनिकांनी जाळलेल्या झोपडीतील शेतकरी स्त्रीला मरणोत्तर कोणते पद देणार? तिचे गाऱ्हाणे दरबाराच्या दप्तरात नाही. ते गोष्टीत राहिले, पुढे रंगभूमीवर आले आणि विसाव्या शतकात पडद्यावर.

ओइवाचा चेहरा

या स्थित्यंतरातील मोठा टप्पा म्हणजे चौथा त्सुरुया नान्बोकु याचे 'योत्सुया काइदान' हे काबुकी नाटक. ते १८२५ मध्ये एदो येथील नाकामुरा-झा नाट्यगृहात प्रथम सादर झाले. 'काइदान' म्हणजे विलक्षण गोष्ट, भूतकथा. सादरीकरणाची योजना अर्थपूर्ण होती. धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस निष्ठावंत सामुराईंचे 'चुशिन्गुरा' हे लोकप्रिय नाटक आणि हे नवे नाटक दोन दिवसांत विभागून एकमेकांत गुंफून दाखवले गेले. ओइवाचा नवरा इयेमोन हा त्याच धन्याच्या पदरचा, आता निराधार झालेला सामुराई आहे. श्रीमंत शेजाऱ्याला आपल्या नातीसाठी तो नवरा हवा असतो. म्हणून बाळंतपणानंतर आजारी असलेल्या ओइवाला औषध म्हणून विष पाठवले जाते. तिचा चेहरा विद्रूप होतो, केस विंचरताना झडून येतात आणि ती मरते. एका बाजूला निष्ठेचा गौरव आणि दुसऱ्या बाजूला त्याच वर्गातील पुरुषाने घरात केलेला घात, असे हे दोन दिवसांचे नाटक प्रेक्षक सलग पाहत होते. मला स्वतःला ही जोडणी जपानी सामाजिक इतिहासातील एक धारदार टीका वाटते. ती करणारा कोणी तत्त्वचिंतक नव्हता, धंदेवाईक नाटककार होता.

१९४५ मध्ये जपानचा पराभव झाल्यावर अमेरिकी ताबा-प्रशासनाने चित्रपटांसाठी तेरा निषिद्ध विषयांची यादी जारी केली. सूड हे योग्य कृत्य म्हणून दाखवणे हा त्यांपैकी एक होता. सूडावरच उभी असलेली कथा अशा काळात कशी सांगावयाची? १९४९ मध्ये किनोशिता केइसुके याने 'योत्सुया काइदान'चे जे नवे रूप सादर केले त्यात ओइवाचे भूत खरे नाही. ते इयेमोनच्या अपराधी मनाचा भास आहे. मेलेली स्त्री सूड घेत नाही, नवऱ्याचे मनच त्याला खाते. हा बदल केवळ त्या यादीमुळे झाला असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही, कारण किनोशिता हा मुळातच मानसिक संघर्षात रस असलेला दिग्दर्शक होता. पण पराभवानंतरच्या चौथ्या वर्षी, अपराधाचे काय करावयाचे या प्रश्नाने ग्रासलेल्या देशात हे घडले, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. ताबा १९५२ मध्ये संपला. १९५९ मध्ये नाकागावा नोबुओ याने हीच कथा पुन्हा केली तेव्हा ओइवा आपल्या सर्व भीषणतेसह परत आली.

मिझोगुचीचे सैनिक

मिझोगुची केन्जी याचा 'उगेत्सु मोनोगातारी' (१९५३) हा रूढ अर्थाने भयपट नव्हे. त्याला व्हेनिसच्या महोत्सवात रौप्य सिंह मिळाला आणि तो अभिजात चित्रपटांत गणला जातो; परंतु त्याचा आधार उएदा आकिनारी याचा १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेला भूतकथासंग्रहच आहे. त्यातील एका कथेत कात्सुशिरो नावाचा माणूस रेशीम विकण्यासाठी राजधानीला जातो. १४५५ च्या यादवीमुळे त्याची वाट अडते आणि तो सात वर्षांनी घरी येतो. बायको मियागी दारात भेटते, दोघे झोपतात, सकाळी छप्पर उडालेले आणि घरात गवत वाढलेले दिसते. ती केव्हाच वाट पाहून मेलेली असते, असे गावातील एक म्हातारा सांगतो.

मिझोगुचीने कथा सोळाव्या शतकातील यादवीच्या काळात, बिवा सरोवराच्या परिसरात आणली. नायक कुंभार झाला. आणि मियागी वाट पाहून मरत नाही: पाठीवर मूल घेऊन चाललेली असताना भुकेलेले, हरलेले सैनिक तिच्याजवळच्या अन्नासाठी तिला भाल्याने भोसकतात. दुसऱ्या जोडप्यातील ओहामा या स्त्रीवर सैनिक बलात्कार करतात; तिचा नवरा त्या वेळी सामुराई होण्याच्या वेडाने गावोगाव फिरत असतो. ही ओहामा आकिनारीच्या पुस्तकात नाही.

आकिनारीच्या कथेतील दुःखाचे कारण विरह आहे. मिझोगुचीच्या चित्रपटात ते सैनिक आहेत. पराभवानंतर अवघ्या आठ वर्षांनी, ज्यांच्या घरातून माणसे युद्धावर गेली आणि ज्यांनी परतणारे भुकेकंगाल सैनिक पाहिले, अशा प्रेक्षकांसमोर हा बदल ठेवला गेला. मियागीची भूमिका तानाका किनुयो हिने केली आहे. १९४९ च्या चित्रपटातील ओइवाही तीच होती.

शिन्दोचा मुखवटा

बदलाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण शिन्दो कानेतो याच्या 'ओनिबाबा' (१९६४) या चित्रपटात सापडते, म्हणून त्याकडे जरा सविस्तर पाहिले पाहिजे.

मूळ कथा बौद्ध धर्माच्या जोदो शिन्शू पंथातील बोधकथा आहे. पंथाचा थोर प्रचारक रेन्नियो (१४१५–१४९९) याने १४७१ मध्ये एचिझेन प्रांतातील योशिझाकी येथे मुक्काम केला. कथा त्या स्थानाशी जोडलेली आहे. सून भक्तीने देवळात जाते, सासूला ते खपत नाही. ती राक्षसाचा मुखवटा घालून वाटेत सुनेला भिववते. मुखवटा तिच्या चेहऱ्याला, मांसाला चिकटून बसतो. शेवटी ती अमिताभ बुद्धाचे नामस्मरण करते, मुखवटा गळून पडतो आणि तीही भक्तिमार्गाला लागते. सासू-सुनेची ही गोष्ट आपल्या कीर्तनातही सहज खपून जाईल.

शिन्दोने काय केले? काळ चौदाव्या शतकातील यादवीचा. पुरुषभर उंचीच्या सुसुकी गवताच्या अफाट माळावर सासू आणि सून राहतात. मुलगा सक्तीने लढाईवर नेलेला. युद्धातून पळालेले, जखमी सामुराई गवतात वाट चुकतात. या दोघी त्यांना भाल्यांनी मारतात, प्रेते एका खोल विवरात ढकलतात आणि चिलखते विकून धान्य घेतात. हाची नावाचा शेजारी युद्धातून परत येतो, मुलगा येत नाही. सून रात्री गवतातून धावत हाचीकडे जाऊ लागते. ती गेली तर एकटीने माणसे मारता येणार नाहीत आणि पोट भरणार नाही, ही सासूची भीती आहे. येथे देऊळ नाही. देवळाच्या जागी प्रियकराची झोपडी आली आहे. सासू एका वाट चुकलेल्या मुखवटाधारी सामुराईला विवरात पाडते, त्याचा मुखवटा उपटते तेव्हा खालचा चेहरा सडलेला निघतो. तोच मुखवटा घालून ती सुनेला अडवते. पावसाच्या रात्री तो चिकटतो. सून हातोड्याने तो फोडते. आत विद्रूप, सोललेला चेहरा.

बोधकथेत येथे नामस्मरण आहे, चित्रपटात नाही. सून राक्षस समजून पळते, सासू 'मी माणूस आहे' असे ओरडत तिच्या मागे धावते आणि विवरावरून उडी घेते. ती पलीकडे पोचली की नाही हे न दाखवताच चित्रपट संपतो.

त्या चेहऱ्याच्या रंगभूषेसाठी आपण अणुबाँबने भाजलेल्या माणसांची छायाचित्रे आधारास घेतली होती, असे शिन्दोने स्वतः नमूद केले आहे. त्याचा जन्म १९१२ मध्ये हिरोशिमा प्रांतात झाला. १९४४ मध्ये त्याला सैन्यात भरती करण्यात आले. त्याच्या शंभर जणांच्या तुकडीपैकी कोणी कोठे जावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले आणि युद्धाअखेर सहाच जिवंत राहिले. ताबा संपताच १९५२ मध्ये त्याने हिरोशिमाच्या मुलांवर चित्रपट केला, १९५९ मध्ये अणुचाचणीच्या राखेत सापडलेल्या मासेमारी बोटीवर. त्या दोन्ही चित्रपटांत विषय उघड आहे. 'ओनिबाबा'त हिरोशिमाचे नावही नाही. तरीही, नामस्मरणाने गळून पडणारा मुखवटा त्याने न गळणारा केला, आणि खाली तोच चेहरा ठेवला.

येथे १९६४ हे साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात टोकियो येथे ऑलिंपिक क्रीडास्पर्धा झाल्या. क्रीडाज्योत प्रज्वलित करण्याचा मान ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा प्रांतात जन्मलेल्या साकाई योशिनोरी या तरुण धावपटूला देण्यात आला. त्या दिवशी जगाने एक निरोगी, धावणारा, देखणा चेहरा पाहिला. पुढच्याच महिन्यात 'ओनिबाबा' प्रदर्शित झाला. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध नाही आणि तो जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. परंतु राष्ट्राने आपल्या भूतकाळाला दिलेले दोन चेहरे एकाच ऋतूत समोर आले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. वर्गात हा चित्रपट शिकवताना विद्यार्थ्यांना मुखवट्याची भीती वाटत नाही असे मी पाहिले आहे. धान्याच्या मोबदल्यात चिलखते मोजून घेतली जातात, त्या प्रसंगी मात्र वर्ग गप्प होतो.

चार वर्षांनी शिन्दोने 'कुरोनेको' (१९६८) केला. येथे शेतकरी सासू-सुनेवर सामुराईंची टोळी बलात्कार करते, त्यांना मारते, घर जाळते. काळ्या मांजराच्या रूपाने दोघी परत येतात आणि दिसेल त्या सामुराईचे रक्त पिण्याची प्रतिज्ञा करतात. राशोमोन वेशीवरील राक्षसाचा हात तोडणाऱ्या वीराची जुनी आख्यायिका त्यात उलटी वापरली आहे: चित्रपटातील वीर ज्या राक्षसिणीचा हात तोडतो ती त्याचीच आई आहे. आख्यायिकेत ऐकणाऱ्याची सहानुभूती तलवारीकडे असते. येथे ती तुटलेल्या हाताकडे जाते.

हर्न, सेत्सु आणि कोबायाशी

'ओनिबाबा'च्याच वर्षी कोबायाशी मासाकी याचा 'काइदान' पूर्ण झाला. परदेशात तो 'क्वायदान' या नावाने ओळखला जातो. जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटात चार कथा असून १९६५ मध्ये त्याला कान महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. कथा लाफ्काडिओ हर्न (१८५०–१९०४) याच्या. आई ग्रीक, वडील आयरिश असलेला हा लेखक १८९० मध्ये जपानात आला, मात्सुए येथे शिक्षक झाला, कोइझुमी सेत्सु हिच्याशी त्याने विवाह केला आणि कोइझुमी याकुमो हे नाव घेतले. त्याला जपानी ग्रंथ स्वतः वाचणे जड जाई. सेत्सु जुनी पुस्तके मिळवून वाची आणि त्याला गोष्ट सांगे. पुस्तक बाजूला ठेवून स्वतःच्या शब्दांत सांग, असा त्याचा आग्रह असे, अशी आठवण तिने लिहून ठेवली आहे. जगभर हर्नच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कथांच्या उगमाशी अशा प्रकारे एका सामुराई घराण्यातील स्त्रीचे कथन आहे. मुखपृष्ठावर तिचे नाव आले नाही. हाही एक बदलच, पण तो चित्रपटाने केलेला नव्हे.

कोबायाशी मांचुरियात सैनिक होता. बढती त्याने नाकारली आणि युद्धानंतर सुमारे वर्षभर ओकिनावा येथे युद्धकैदी म्हणून काढले. त्याने केलेले बदल शिन्दोच्या मानाने सूक्ष्म आहेत. 'काळे केस' या कथेत पहिल्या बायकोला टाकून गेलेला सामुराई पश्चात्ताप होऊन परततो, एक रात्र तिच्यासोबत घालवतो आणि सकाळी शेजारी सांगाडा पाहतो. हर्नची कथा जवळपास येथेच संपते. कोबायाशी त्याला सोडत नाही. केस त्याचा पाठलाग करतात, तो पडक्या घरात धडपडत फिरतो, पाण्यात स्वतःचे झपाट्याने म्हातारे होणारे तोंड पाहतो. पश्चात्ताप पुरेसा नाही, असे येथे सुचवले आहे.

'बिनकानाचा होइची' या कथेत ११८५ च्या दान्-नो-उरा येथील नाविक लढाईत बुडालेल्या ताइरा घराण्याचे आत्मे आंधळ्या गायकाकडून आपल्याच पराभवाचे गीत ऐकतात. त्या लढाईत सहा वर्षांचा सम्राट आन्तोकु आजीच्या कवेत समुद्रात गेला. होइचीला वाचवण्यासाठी मठातील भिक्षू त्याच्या सर्वांगावर प्रज्ञापारमिता हृदयसूत्र लिहितात, कान विसरतात आणि आत्मे कान तेवढे उपटून नेतात. हर्नच्या कथेअखेर होइचीला कीर्ती आणि संपत्ती मिळते. चित्रपटातील होइची मात्र, जिवंत आहे तोवर त्या दुःखी आत्म्यांच्या सांत्वनासाठी वाजवत राहीन, असे म्हणतो. हरलेल्या, समुद्रात गेलेल्या सैन्याविषयीचे हे वाक्य एका माजी सैनिकाने आपल्या पात्राच्या तोंडी घातले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक बदल युद्धाला जोडणे हा उतावीळपणा ठरेल. जपानात उन्हाळा हा भूतकथांचा हंगाम. मृतांच्या स्मरणाचा ओबोन सण त्याच सुमारास येतो, काबुकीत भुतांची नाटके त्याच दिवसांत लागत आणि चित्रपटसंस्थाही तीच प्रथा पाळत. भुतांचे असे अनेक चित्रपट तिकीटखिडकीकडे पाहूनच काढले गेले. त्यांतील बदल रंगभूषाकाराची हौस किंवा निर्मात्याची काटकसर याहून अधिक काही सांगत नाहीत. दिग्दर्शकाचे चरित्र, त्याचे इतर चित्रपट आणि बदलाची दिशा या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवतात तेथेच बदलाला पुरावा म्हणावे.

विहीर आणि ध्वनिचित्रफीत

नाकाता हिदेओ याचा 'रिंगु' (१९९८) सुझुकी कोजी याच्या १९९१ मधील कादंबरीवर आधारित आहे. तथापि विहिरीतून वर येणारी, केसांनी तोंड झाकलेली सादाको जुन्या परंपरेतीलच. तिची पूर्वज ओकिकु. दहा ताटांपैकी एक हरवल्याच्या आळावरून मारली गेलेली आणि विहिरीतून रोज एक ते नऊ मोजणारी ही मोलकरीण १७४१ मध्ये ओसाका येथील बाहुलीनाट्यात आली होती. हिमेजी किल्ल्यात तिची म्हणून एक विहीर दाखवतात. कोणीतरी 'दहा' म्हटले की ती शांत होते, असे एक कथारूप सांगते.

दुसरा धागा अधिक अलीकडचा आहे. टोकियो शाही विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फुकुराई तोमोकिची याने १९१० मध्ये मिफुने चिझुको या अतींद्रिय दृष्टीचा दावा असलेल्या स्त्रीचे प्रयोग विद्वानांसमोर केले. वृत्तपत्रांतून फसवणुकीचे आरोप झाले आणि १९११ च्या जानेवारीत तिने विष घेतले. फुकुराईने पुढे ज्या स्त्रियांवर प्रयोग केले त्यांत ताकाहाशी सादाको ही होती. चित्रपटात सादाकोची आई शिझुको पत्रकारांच्या भरसभेत खोटी ठरवली जाते आणि ज्वालामुखीत उडी घेते. तिचे दावे खरे होते की नव्हते, हा येथे प्रश्नच नाही. पुरुष विद्वानांच्या सभेत एका स्त्रीची परीक्षा झाली आणि किंमत तिने एकटीने मोजली, हा भाग दप्तरातीलच आहे.

नायिका रेइको विहिरीत उतरते, सादाकोची हाडे शोधते आणि त्यांना जवळ घेते. शिन्सेन्-एन उद्यानातील समारंभापासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे कथा येथे संपावयास हवी: मृताला शोधले, ओळख दिली, कोप शमला. प्रेक्षकाचीही तीच अपेक्षा असते. दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यातून सादाको बाहेर येते आणि रेइकोच्या पूर्वीच्या नवऱ्याचा जीव घेते. हाडांना दिलेल्या मानाने काहीही शमलेले नसते. वाचण्याचा एकच उपाय उरतो: ध्वनिचित्रफितीची प्रत काढून ती दुसऱ्या कोणाला तरी दाखवणे.

साडेअकराशे वर्षांच्या या परंपरेत मृताशी करावयाचा करार असा बिनदिक्कत मोडलेला मला अन्यत्र आढळला नाही. हा बदल कोणत्या घटनेशी जोडावा याविषयी मतभेद होतील. कोबेचा भूकंप आणि टोकियोच्या भुयारी रेल्वेतील विषारी वायूचा हल्ला, दोन्ही १९९५ मधले. त्याआधीच कोसळलेली अर्थव्यवस्था. घराघरांत पोचलेले ध्वनिचित्रफितीचे यंत्र. यांपैकी कोणतेही एकच कारण पुढे करण्याइतका पुरावा चित्रपटात नाही. चित्रपटात एवढेच आहे की रेइको मुलाला वाचवण्यासाठी यंत्र गाडीत ठेवते, आणि ती गाडी तिच्या स्वतःच्या वडिलांच्या घराकडे निघते.